‘घासणे’ आणि ‘झिजणे’

सहामाही परीक्षेच्या निबंधांचे गठ्ठे तपासत असता एका उत्तरपत्रिकेत पुढील वाक्य आमच्या दृष्टीस पडले : “थोर पुरुष समाजासाठी जन्मभर घासतात.” वाचताच आम्हांस हसू आवरले नाही. त्या शब्दाखाली तांबडी रेघ ओढून समासात आम्ही प्रश्न केला, “काय घासतात? भांडी की दात?” आणि पुढच्या उत्तरपत्रिकेकडे वळलो.

परंतु ते वाक्य काही आमचा पिच्छा सोडीना. लिहिणारा मुलगा मंदबुद्धी नव्हे. त्याच्या घरी मराठीच बोलली जाते. फरक इतकाच की त्याचे घराणे तीन पिढ्यांपासून बडोद्यात आहे. ‘झिजतात’ या ठिकाणी त्याने ‘घासतात’ का लिहिले असावे, याचा विचार करू लागलो तेव्हा ध्यानात आले की, या दोन क्रियापदांतील भेद आम्ही स्वतःही कधी नीट तपासून पाहिला नव्हता. भाषा अंगवळणी पडलेली असली म्हणजे असेच होते. तो विचार येथे आमच्या विद्यार्थिवाचकांपुढे व त्यांच्या घरच्या मंडळींपुढे मांडीत आहोत.

प्रथम ‘घासणे’ घेऊ. संस्कृतात ‘घृष्’ हा धातू आहे. ‘घर्षण’ हा शब्द त्याचाच, आणि आपले ‘घासणे’ही त्याच कुळातले. या क्रियापदाला कर्ता लागतो, आणि तो हात चालवणारा कर्ता लागतो. आई भांडी घासते, आपण दात घासतो, सुतार पॉलिशकागदाने फळी घासतो. कोणी, काय आणि कशाने, या तिन्ही प्रश्नांना येथे उत्तर मिळते. शिवाय घासण्यामागे बहुधा काही हेतू असतो : वस्तू स्वच्छ व्हावी, गुळगुळीत व्हावी, तिला चकाकी यावी. म्हणून घासलेल्या तांब्याकडे पाहून आपल्याला प्रसन्न वाटते. त्या घासण्यात तांब्याचे काही कण राखेबरोबर वाहून गेले, हे मनातही येत नाही.

या एका क्रियेवरून मराठीने किती संसार थाटला आहे ते पाहण्यासारखे आहे. बाजारात भाजीवालीशी दोन पैशांसाठी आपण जी हुज्जत घालतो ती ‘घासाघीस’. तिच्यात एक किंमत दुसऱ्या किमतीवर घासली जाते व दोन्ही थोड्या थोड्या कमी-अधिक होत अखेर जुळतात. कचेरीत दिवसभर खर्डे लिहीत बसण्याचे जे नीरस काम ते ‘खर्डेघाशी’. एखाद्याच्या घरी फार जाणेयेणे असले की त्याच्याशी आपली ‘घसट’ आहे असे म्हणतात, कारण जवळून वावरणारी माणसे एकमेकांना घासूनच जातात. गर्विष्ठाला शेवटी ‘नाक घासत’ यावे लागते, आणि ज्याला शेवटी कोणी विचारीत नाही तो ‘टाचा घासत’ मरतो. हा शेवटचा प्रयोग मोठा विदारक आहे. अंथरुणावर पडलेल्या माणसाच्या टाचा वेदनेने खालवर होतात, तेवढ्या एका हालचालीवरून भाषेने सगळी दैना उभी केली. मात्र जेवणातील ‘घास’ या कुळातला नाही, आणि घासलेट तर नाहीच नाही. तो बिचारा इंग्रजी ‘गॅसलाइट’ या शब्दाचा मराठी अवतार आहे.

घासण्याच्या जवळपास वावरणारी इतरही क्रियापदे आहेत, आणि प्रत्येकाचे हत्यार निराळे. नारळ खवणीवर खवतात, गाजर किसणीवर किसतात, लाकूड वाकसाने तासतात, लोखंडावर कानस चालवतात, चंदन सहाणेवर उगाळतात. स्वयंपाकघरात ज्यांचा वावर आहे त्यांना हा भेद कोणी शिकवावा लागत नाही. ‘नारळ घासला’ असे म्हणणारी गृहिणी आमच्या तरी पाहण्यात नाही. यांपैकी ‘खरवडणे’ मात्र थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. घासण्यात वस्तूवरून हात फिरतो. खरवडण्यात चिकटलेला थर धारेने सोडवून घेतला जातो. भिंतीवरचा जुना रंग खरवडतात. दूध आटवलेल्या पातेल्याच्या तळाशी जी लागते ती ‘खरवड’, आणि तिच्यासाठी भावंडांत होणारी भांडणे ज्या घरी झाली नाहीत ते घर विरळा. खरवडण्याला धार हवी, म्हणूनच तिचे सख्खे भावंड ‘खरडणे’ रागाच्या प्रसंगी उपयोगी पडते. वडील जेव्हा प्रगतिपुस्तक पाहून आपली ‘खरडपट्टी’ काढतात, तेव्हा अंगावरचा एक थर निघून आल्यासारखेच वाटते.

खरवडण्याचा एक उपयोग शास्त्रातही झाला आहे. फ्रीडरिख मोस या खनिजशास्त्रज्ञाने 1812 मध्ये खनिजांच्या कठीणपणाची एक श्रेणी लावून दिली. तिची कसोटी अगदी साधी : कोणते खनिज कोणावर ओरखडा काढू शकते? सर्वांत मऊ संगजिरे, त्यास क्रमांक 1. सर्वांत कठीण हिरा, त्यास क्रमांक 10. बोटाच्या नखाने संगजिऱ्यावर ओरखडा निघतो, गारेवर निघत नाही. गारेचा क्रमांक 7.

‘कसोटी’ हा शब्द आत्ता सहज लिहून गेलो, परंतु तोही घासण्याचाच आहे. संस्कृतात ‘कष्’ म्हणजे घासणे. सोने ज्या काळ्या दगडावर घासून पाहतात ती ‘कषपट्टिका’, आणि तिचीच प्राकृतातून चालत आलेली ‘कसोटी’. सराफ दागिना त्या दगडावर ओढतो, उमटलेल्या रेघेचा रंग माहितीच्या सोन्याच्या रेघेशी ताडून पाहतो, वर तेजाबाचा थेंब टाकतो. हलका धातू विरघळून जातो व सोने राहते. ‘निकष’ हा भारदस्त शब्दही याच ‘कष्’ धातूचा. म्हणजे सभेत जेव्हा वक्ते ‘गुणवत्तेचे निकष’ असे म्हणतात, तेव्हा त्यांच्या नकळत ते सराफकट्ट्यावर बसलेले असतात.

आता ‘झिजणे’.

या शब्दाचा जन्म ‘क्षि’ या धातूपासून आहे. ‘क्षीयते’ म्हणजे कमी होतो, नाहीसा होत जातो. त्याचे प्राकृतात ‘झिज्जइ’ झाले आणि त्यापासून मराठी ‘झिजणे’. बाराव्या शतकात गुजरातेतील हेमचंद्राने जे प्राकृताचे व्याकरण लिहिले त्यात ‘क्ष’चे सामान्यतः ‘ख’ होते, पण क्वचित ‘छ’ किंवा ‘झ’ही होते, असा नियम सांगून हे ‘झिज्जइ’ रूप नमूद केले आहे. विद्यार्थ्यांना गंमत वाटेल म्हणून सांगतो, संस्कृत ‘क्ष’ने मराठीत येताना अनेक वेष घेतले आहेत. क्षीराची ‘खीर’ झाली, क्षेत्राचे ‘शेत’, इक्षूचा ‘ऊस’, मक्षिकेची ‘माशी’. ‘झ’चा वेष घेतलेले शब्द थोडे, त्यांत ‘झरणे’ हा एक, तो ‘क्षर्’ पासून. जे झरत नाही, नाश पावत नाही, ते ‘अक्षर’. आणि ‘झिजणे’चे सख्खे संस्कृत नातेवाईक म्हणजे क्षय, क्षीण आणि अक्षय. अक्षय्य तृतीया म्हणजे ज्या दिवशीच्या पुण्याला झीज नाही अशी तृतीया.

हे कूळ पाहिले की ‘घासणे’ व ‘झिजणे’ यांतील खरा भेद उघड होतो. घासण्याचा अर्थ हाताच्या बाजूने आहे, झिजण्याचा अर्थ वस्तूच्या बाजूने. घासणारा दिसतो, झिजवणारा दिसेलच असे नाही. पायरी झिजली, पण कोणाच्या पायाने? हजारोंच्या, म्हणजे एका कोणाच्याही नव्हे. किल्लीचे दात झिजले, पाट्याचे टाके झिजले, आजीच्या बांगडीची नक्षी झिजली. यांतले काहीही कोणी मुद्दाम केले नाही आणि काहीही एका दिवसात झाले नाही. ‘घासणे’ पाव घटकेत आटोपते. ‘झिजणे’ला वर्षे लागतात. काळ हा या क्रियापदाच्या अर्थातच मुरलेला आहे. “काल माझी चप्पल झिजली” हे वाक्य व्याकरणाने शुद्ध असूनही कानाला खटकते ते यामुळेच.

देवगिरीच्या यादवांच्या काळातील वैयाकरण बोपदेव याची एक आख्यायिका सांगतात. अभ्यास जमेना म्हणून तो निराश होऊन विहिरीवर बसला होता. पाणी भरणाऱ्या बायका जेथे घागरी टेकवीत तेथे दगडाला खळगे पडलेले त्याने पाहिले, आणि तो परत अभ्यासाला लागला. कथा चांगली आहे. मात्र तो दगड झिजेपर्यंत किती घागरी फुटल्या, हे ती सांगत नाही. झिजणे हे नेहमी दोन्ही बाजूंनी चालते. चिकाटीच्या वस्तूची आपण कथा करतो व फुटक्या वस्तूला विसरतो.

सृष्टीतही या शब्दाचे मोठे राज्य आहे. भूगोलाच्या पुस्तकांत नदीची कार्ये सांगताना खडकाची ‘झीज’ हा शब्द येतो. जमिनीच्या मातीची मात्र ‘धूप’ होते. तेथे ‘झीज’ म्हणत नाहीत. कठीण वस्तूचा कण कण जातो ती झीज, मऊ थर वाहून जातो ती धूप, असा हा व्यवहार आहे. नगर जिल्ह्यात निघोज येथे कुकडी नदीच्या पात्रात जे प्रसिद्ध रांजणखळगे आहेत ते झिजेचेच काम. काळ्या बसाल्टच्या खडकात एखादा खोलगट भाग असतो, पुराच्या भोवऱ्यात तेथे गोटे व वाळू सापडते, पाणी त्यांना गरगर फिरवते, आणि शतकानुशतके फिरता फिरता खडकात रांजणाएवढे खळगे कोरले जातात. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. नुसते पाणी खडकाला फारसे झिजवीत नाही. पाण्यातले दगड झिजवतात. आणि तसे करता करता ते स्वतः वाटोळे होतात. आपल्या देवघरांतील बाण नर्मदेचे असतात. बडोद्यापासून जवळ असलेल्या चांदोद येथे नर्मदेच्या काठी उभे राहिले म्हणजे ते गुळगुळीतपण कोठून आले याची कल्पना येते.

‘घासणे’ आणि ‘झिजणे’ ही दोन्ही एकाच कामात कशी एकत्र येतात हे पाहायचे असेल, तर सुरतेच्या हिऱ्यांच्या कारखान्यांकडे पाहावे. गुजरातीत हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्या कारागिराला ‘हीराघसु’ म्हणतात. हिऱ्याहून कठीण काही नाही, म्हणून फिरत्या घंटीवर हिऱ्याचीच पूड तेलात कालवून लावतात व तिच्यावर हिरा धरतात. कारागीर हिरा घासतो, हिरा झिजतो. कच्च्या खड्याचे निम्म्याहून अधिक वजन बहुधा या कामात जाते. जे गेले त्याचे नाव झीज, आणि जे उरले त्याचे मोल कच्च्या खड्याहून अधिक.

प्रत्येक झिजलेल्या वस्तूच्या नशिबी असे मोल नसते. चांदीचा रुपया चलनात होता त्या दिवसांची गोष्ट घ्या. 1835 मध्ये कंपनी सरकारने जो रुपया ठरवला त्याचे वजन 180 ग्रेन, म्हणजे एक तोळा, आणि त्यात बारा भागांत अकरा भाग शुद्ध चांदी. नाणे हातोहात फिरले की त्याची छाप झिजे, त्याबरोबर वजन घटे. त्यापूर्वी तर निरनिराळ्या टांकसाळींची नाणी एकाच बाजारात चालत. खुद्द बडोदे संस्थानचा ‘बाबाशाही’ रुपया वेगळा होता. अशा वेळी सराफ झिजलेले किंवा परक्या टांकसाळीचे नाणे घेताना त्याच्या किमतीतून काही कापून घेई. या कापण्याला ‘बट्टा’ म्हणत. नाण्याला बट्टा लागतो तसा पुढे माणसाच्या नावालाही लागू लागला. “घराण्याच्या नावाला बट्टा लावलास” असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांसमोर आज नाणे नसते, पण शब्दात ते आहे : ज्याची छाप पुसट झाली आणि जे बाजारात पूर्ण किमतीला कोणी घेत नाही असे नाणे.

हिशेबाच्या वह्यांत झिजेला आणखी एक नाव आहे, ‘घसारा’. यंत्र वापराने जुने होते, दरसाल त्याची किंमत कमी धरावी लागते, ती वजावट म्हणजे घसारा. येथे शब्द घासण्याचा आहे, अर्थ झिजण्याचा. गुजरातीतही याच अर्थाने ‘घसारो’ म्हणतात. हा धागा पुढे उपयोगी पडेल.

आता ‘झिजवणे’ या प्रयोजक रूपाकडे वळू. ‘झिजणे’ला कर्ता नको, म्हणून भाषेने मुद्दाम कर्ता हवा असेल तेव्हा हे रूप घडवले. पण त्याचा उपयोग पाहा कोठे होतो! नोकरीसाठी माणूस ‘जोडे झिजवतो’, दाखल्यासाठी कचेऱ्यांचे ‘उंबरठे झिजवतो’, मुलांच्या शिक्षणासाठी बाप ‘देह झिजवतो’. जोडे स्वतःचे, देहही स्वतःचा. उंबरठा तेवढा दुसऱ्याचा. तोही झिजतो तो आपल्याच पायांनी, आणि उंबरठ्याच्या मालकाला त्याचे काही वाटत नाही. ज्याने एखाद्या कागदावरील एका शिक्क्यासाठी वर्षभर खेटे घातले आहेत, त्याला या वाक्प्रचाराचा अर्थ शब्दकोशात पाहावा लागत नाही. आमच्या इकडची मुले मात्र याच अर्थाने “धक्के खाल्ले” म्हणतात. त्यात त्रास आहे, पण काळ नाही, उंबरठा नाही. शब्द बदलला म्हणजे चित्रही बदलते, ते असे.

‘झीज’ या नामाचे लेखन करताना एक सूचना. ‘झीज’ दीर्घ लिहावे, परंतु ‘झिजेमुळे’, ‘झिजणे’, ‘झिजलेला’ ही रूपे ऱ्हस्व. हे नाम पैशाच्या व्यवहारातही येते : “माल चांगला हवा असेल तर थोडी झीज सोसावी लागेल.” शरीराची झीज आहाराने भरून निघते. गुडघ्यांची झीज सहसा निघत नाही. हे आम्ही अनुभवाने सांगतो.

आणि चंदन. झिजण्याचा विषय निघाला आणि चंदन आले नाही, असे मराठीत होत नाही. दुसऱ्यासाठी आयुष्य वेचणाऱ्याला आपण चंदनासारखा झिजला असे म्हणतो. उपमा इतकी वापरली गेली आहे की तीही आता झिजून गुळगुळीत झाली. सत्कारसमारंभात तिचा वास येईनासा झाला आहे. तरी मुळातील चित्र फार नेमके आहे. चंदनाचे खोड आपण उगाळतो. त्याने काही करावयाचे नसते. तो सहाणेवर फिरत राहतो आणि कमी होत जातो. गंध आपल्या कपाळी लागते. येथे ‘घासतो’ म्हटले तर सगळा अर्थ उलटा होईल, कारण घासणारा तो नव्हे. कोळसाही उगाळता येतो, परंतु तो उगाळावा तितका काळाच, असे आपली म्हण सांगते. म्हणजे नुसते झिजणे पुरेसे नाही, झिजणारे काय आहे तेही पाहावे लागते. सहाणेचाही दगड थोडा थोडा झिजत असतो. तिच्या मध्यावरची खोलगट जागा बोटांना लागते. तिच्यावर मात्र कोणी उपमा रचली नाही.

इतका विचार झाल्यावर आम्ही पुन्हा त्या मुलाच्या वाक्याकडे आलो, आणि आमची चूक आमच्या पदरात पडली. गुजरातीत ‘घसवुं’ म्हणजे घासणे; आणि त्याचेच कर्मणी रूप ‘घसावुं’ म्हणजे घासले जाणे, अर्थात झिजणे. जोडे ‘घसाय छे’, नाणे ‘घसाय छे’, आणि दुसऱ्यासाठी खस्ता खाणारा माणूसही ‘घसाय छे’. गुजराती माणूस हा शब्द मोठ्या आदराने वापरतो. त्याच कुळातील ‘घसातुं बोलवुं’ म्हणजे एखाद्याविषयी वाईटसाईट बोलणे, ही आणखी एक गंमत. मराठीने हाताचा शब्द आणि वस्तूचा शब्द दोन निराळ्या धातूंपासून घेतले; गुजरातीने एकाच धातूची दोन रूपे करून तेच काम साधले. दोन्ही व्यवस्था आपापल्या जागी निर्दोष आहेत. मुलाने विचार शुद्ध केला होता, पण गुजरातीत केला होता. मराठीत उतरवताना ‘घसावुं’ मधले कर्मणीपण वाटेत गळले आणि ‘घासतात’ उरले. त्याच्या कानावर दिवसभर जी भाषा पडते तिचा हा परिणाम. याबद्दल त्याला दोष देता येत नाही. उलट, ‘झिजणे’ हा शब्द त्याच्या कानावर घरी किती वेळा पडला असेल, याचा हिशेब आपण मोठ्यांनीच करावयास हवा. आमच्या घरीही तो केला, आणि आठवडाभरात तो शब्द एकदाच ऐकू आला; तोही गुडघ्यांसंबंधी.

बडोद्यात भाषांची अशी देवघेव जुनी आहे. 1931 मध्ये याच संस्थानाने ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा राज्यकारभाराच्या शब्दांचा बहुभाषी कोश प्रसिद्ध केला. त्यात मराठी व गुजराती शब्द एकाच पानावर शेजारी शेजारी बसले. शेजारी बसलेले शब्द एकमेकांना ओळखतात. एकाच्या जागी दुसरा येऊन बसला म्हणजे मात्र पहिल्याला उठावे लागते.

मुलाला आम्ही उत्तरपत्रिका परत आणावयास सांगितले. त्याने ती दुसऱ्या दिवशी आणली. घरी दाखवताना लाज वाटू नये म्हणून समासातील आमचा प्रश्न त्याने पात्याने खरवडून काढला होता, आणि त्या जागी कागद इतका झिजला होता की मागच्या पानावरची अक्षरे दिसत होती. वाक्याखालची तांबडी रेघ तशीच होती. तिच्याखाली उरलेल्या जागेत आम्ही ‘घसाय छे’ हे गुजराती रूप लिहिले, त्याच्यापुढे ‘झिजतात’ असे लिहिले, आणि कापलेला अर्धा गुण परत दिला.